से. २, चु. ४

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार
उमेळे

सेबॅस्टियन डाबरे आज सकाळी साडेनऊला आले आणि पाऊण वाजता गेले. त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आली व ती येथेच राहिली. एवढी वस्तुस्थिती. अनुमान वेगळ्या परिच्छेदात लिहावे, हा आग्रह मी तर्कशास्त्राचा अध्यापक म्हणून चौतीस वर्षे विद्यार्थ्यांकडे धरला. स्वतःच्या दैनंदिनीत तो सोडण्याचे कारण नाही.

सेबॅस्टियन हे माझी पत्नी लीला हिचे एम.एस्सी.चे सहाध्यायी. विषय भूगर्भशास्त्र. ते तेलसंशोधनाच्या नोकरीत आसाम, देहरादून असे फिरले आणि आता पत्नी क्लेमेंटीन हिच्यासह गिरीजच्या घरी परतले आहेत. लीला महाविद्यालयात शिकवून दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाली. पेटीत, १९७८ च्या डिसेंबरात कच्छच्या नऊ दिवसांच्या अभ्याससहलीत या दोघांनी वेचलेले पंचेचाळीस जीवाश्म आहेत. प्रत्येक जीवाश्म त्या काळच्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला आहे. आमचा विवाह १९८० चा.

पेटी उघडताच लीला म्हणाली, "सेबी, तू हे सगळं जपून ठेवलंस?" उत्तर बरोबर आलेल्या क्लेमेंटीनने दिले. "जपलं कसलं, माझ्या पलंगाखाली चाळीस वर्षं पडलंय. बदली झाली की आधी पेटी चढायची, मग पोरं. सर, तुमच्याकडे जागा आहे ना? मला आता तिथे झाडू मारू द्या."

अनुमान: चव्वेचाळीस वर्षांत लीलाने मला 'तू' म्हटलेले नाही. आमच्यात 'अहो'ने सर्व व्यवहार सुरळीत चालतो आणि तो बदलावा अशी माझी इच्छा नाही. मात्र आज सव्वातीन तासांत तिने दुसऱ्या एका पुरुषाला किती वेळा 'तू' म्हटले, हे मोजायला मी सुरुवात केली होती. एकोणतीसनंतर मोजणे अप्रतिष्ठेचे वाटले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

क्लेमेंटीनने अर्नाळ्याहून तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, आणल्या. लीलाने त्यांतली एक उचलली, दुसऱ्या हातात पेटीतला दगड घेतला आणि स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे राहून क्लेमेंटीनला समजावले की तिसरीच्या दोन शिंपा म्हणजे डावा-उजवा हात, एकमेकींसारख्या. याउलट दगडातला हा प्राणी ब्रॅकिओपॉड. त्याची वरची शिंप वेगळी, खालची वेगळी. पण प्रत्येकीच्या मधोमध रेघ ओढली तर दोन्ही अंगे सारखी भरतात. तिसरी आणि हा, दोघांचे घर दोन कवाडांचे, पण नाते काहीच नाही. मी जेवणाच्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होतो. इतके सोपे विवेचन मला आजवर कोणी ऐकवले नव्हते याची नोंद करतो.

जेवताना मी प्रश्न विचारला, की या दगडांत एवढे काय आहे. लीलाने घास खाली ठेवला. पेटीत दोन तऱ्हा आहेत. एक चिंचोळी, बारीक कंगोऱ्यांची. ती शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी नाव देऊन ठेवलेली आहे. दुसरी रुंद, थोड्या आणि जाड कंगोऱ्यांची. ती कोठेच नोंदलेली नाही. ती स्वतंत्र जात ठरली तर तिचे वर्णन लीलाच्या एकटीच्या नावाने प्रसिद्ध होईल. सेबॅस्टियन यांनीच तसा आग्रह धरला आहे. "तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जाती फळ्यावर लिहिल्या हो," ती म्हणाली. "माझी एकही नाही." स्वतंत्र जात ठरण्यासाठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, पहिली म्हणजे शिंपेच्या आतली रचना वेगळी असणे. दुसरी ती सांगू लागली तेव्हा टाकी भरून वाहत असल्याचा आवाज आला आणि मी पंप बंद करायला उठलो.

सेबॅस्टियन यांचे औदार्य मला खटकले. औदार्याला हेतू नसतो असे मानणे भाबडेपणाचे आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

लीलाच्या पर्समध्ये नखरंगाची बाटली आहे. मी पर्स उघडली नव्हती. दूधवाल्यासाठी सुटे हवे होते म्हणून तिनेच मला उघडायला सांगितली. रंग नाही, पारदर्शक आहे. सत्तराव्या वर्षी. लग्नातसुद्धा तिने नखे रंगवली नव्हती.

पारदर्शक रंग लावणाऱ्या व्यक्तीचा उद्देश असा असतो की ज्याला पाहायचे आहे त्यालाच तो दिसावा.

सुटे काढून पर्स बंद केली.

९ डिसेंबर, सोमवार

आजपासून लीला आणि सेबॅस्टियन रोज वालीवला जातात. उमंग नावाचा लीलाचा जुना विद्यार्थी तेथे साचे घडवण्याचे वर्कशॉप चालवतो. त्याच्याकडे पोलाद केसाएवढ्या जाडीने घासून सपाट करणारे यंत्र आहे. त्यावर दगड धरायचा, दशांश दोन मिलिमीटर घासायचा, उघडा पडलेला छेद भिंगातून पाहून चितारायचा, पुन्हा घासायचा. असे साठ-सत्तर वेळा. शेवटी हातात दगड उरत नाही, फक्त चित्रे उरतात. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन शिंपा आतून परक्या निघू शकतात, आणि ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही, असे लीला म्हणाली. एक रुंद आणि एक चिंचोळा असे दोन नमुने नष्ट करायचे ठरले आहे. उरले त्रेचाळीस.

मी बरोबर येऊ का, असे विचारले. लीला म्हणाली, "धूळ असते हो तिथे. तुमचा खोकला." सेबॅस्टियन यांना गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला होता, हे क्लेमेंटीनने मला सांगितलेले आहे.

११ डिसेंबर, बुधवार

दुपारी घरात कोणी नव्हते. पेटी खिडकीखाली होती. वर्गीकरणाचा पहिला नियम असा की विभागणीचे तत्त्व एकच असावे. पेटीत मात्र रुंद आणि चिंचोळे, लहान आणि मोठे, सारे एकत्र कोंबलेले होते. आठवडाभर ते डोळ्यांना सलत होते. लीला परतण्यापूर्वी दगड दोन नीटस वर्गांत लावून ठेवले तर तिला आनंद होईल, असा विचार करून मी पहिली पुडी सोडली.

कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले होते: से. २, चु. ४.

अक्षर लीलाचे. मी ते अक्षर चव्वेचाळीस वर्षे किराणा-यादीत पाहत आलो आहे.

दुसरी पुडी: से. ५, चु. १. तिसरी: से. ५, चु. ५.

'से.' म्हणजे कोण, याला भाष्याची गरज नाही. 'चु.' या अक्षराने सुरू होणाऱ्या, दोन व्यक्तींमध्ये घडणाऱ्या आणि आकड्यांत मोजता येणाऱ्या क्रिया मराठीत किती आहेत, याचा मी अर्धा तास शांतपणे विचार केला. चुगली मोजत नाहीत. चुरस मोजत नाहीत. जो शब्द उरला तो मी येथे लिहिणार नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज सर्व त्रेचाळीस पुड्या सोडल्या. पुरावा संशयातीत असावा म्हणून प्रत्येक दगडाची रुंदी लीलाच्या कॅलिपरने मोजली, कंगोरे मोजले आणि त्याच्या कागदावरील मजकूर समोर लिहिला. तक्ता समोरच्या दोन पानांवर आहे. पहिली ओळ नमुन्यादाखल: रुंदी एकवीस मि.मी., कंगोरे नऊ, से. २, चु. ४.

निरीक्षणे अशी.

'से.'पुढचे आकडे एक ते नऊ आहेत. सहल नऊ दिवसांची होती. जुळते, तो आकडा दिवसाचा.

'चु.'पुढचे आकडे एक ते पाच. एकंदर बेरीज एकशे एकोणतीस. मी ती दोनदा पडताळली. दिवसाला सरासरी चौदा पूर्णांक तीन.

दोन कागदांवर 'चु.' नसून 'मा.' आहे. हा माफीचा निर्देश असावा. म्हणजे भांडणेही झाली होती, आणि मिटलीही होती.

एक व्याप्ती, म्हणजे निरपवाद साहचर्य, विशेष उल्लेखनीय. रुंद दगड एकवीस आहेत आणि त्यांतील प्रत्येकाच्या कागदावर 'चु.'पुढे चार किंवा पाच आहे. चिंचोळ्यांच्या कागदांवर 'चु.'पुढे तीनच्या वर आकडा कोठेही नाही. या नियमाला एकही अपवाद सापडला नाही. अर्थ स्पष्ट आहे: दुर्मीळ वस्तू हाती लागली की आनंद अधिक.

दगड दोन ट्रेमध्ये लावले, अ आणि ब अशा चिठ्ठ्या लावल्या आणि ट्रे पेटीत ठेवून झाकण लावले. कागद महिन्याच्या रद्दीत घातले. रद्दीवाला पावणेचारला येऊन गेला. ते कागद घरात ठेवण्याचे कोणतेही सयुक्तिक कारण मला दिसले नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

चुनखडी.

१४ डिसेंबर, शनिवार

काल एका शब्दापलीकडे काही लिहिता आले नाही. घडले ते असे.

दोघे चार वाजता वालीवहून आले. काम फत्ते झाले होते. रुंद नमुन्याच्या आतला मधला पडदा चिंचोळ्याच्या दुप्पट लांब निघाला. लीलाच्या केसांत पांढरी धूळ होती आणि ती तरुण दिसत होती. मी ट्रे दाखवले. सेबॅस्टियन म्हणाले, "वा, सर, काय देखणं लावलंत." लीला ट्रेकडे पाहत राहिली आणि तिने विचारले, "आणि कागद?"

रद्दीत गेले असे मी सांगितले.

ती खुर्चीवर बसली. आवाज चढवला नाही. "सगळं त्यावरच होतं. कुठल्या सेक्शनमधला दगड, चुनखडी कितवी. सोमवारी नखरंगाचा ठिपका देऊन प्रत्येकावर शाईनं नंबर घालणार होते. बाटली आणून ठेवलीय."

मी विचारले, "आणि 'मा.' म्हणजे?"

"मार्ल. चिकणमाती मिसळलेली चुनखडी असते." मग ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला 'मा.' कसं माहीत?"

एकदोन कागदांवर ओझरते दिसले, असे मी उत्तर दिले. हे असत्य आहे.

नदीने चिरलेल्या काठाचा एकेक उभा छेद म्हणजे सेक्शन. रोज एक पाहिला म्हणून नऊ. त्यात चुनखडीचे पाच थर एकावर एक. तळाचा पहिला, माथ्याचा पाचवा. मी पंप बंद करायला उठलो तेव्हा लीला जी दुसरी अट सांगत होती, ती हीच. रुंद आणि चिंचोळे एकाच थरात मिसळून सापडले, तर ते एकाच जातीचे धाकटे-थोरले असू शकतात. निरनिराळ्या थरांत सापडले, तर जाती दोन. सहलीच्या वह्या आसामच्या पुरात गेल्या. थर सांगणारे जगात दुसरे काही नव्हते.

दोघे लगेच वसई रोडच्या रद्दीच्या दुकानात गेले. गठ्ठे सकाळीच वापीच्या कागदगिरणीच्या गाडीत चढले होते.

'चु.'चा अर्थ चुनखडी हे आता सिद्ध आहे. येथे एक गोष्ट काटेकोरपणे नोंदवतो: लिहिलेल्याचा एक अर्थ सिद्ध झाल्याने, न लिहिलेले काही घडलेच नाही, हे सिद्ध होत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

आठवडाभर लीला माझ्याशी व्यवस्थित बोलते. चहा, औषधे, लाइटचे बिल. तिने एकदाही दोष दिला नाही. भांडणात मला उत्तरे सुचतात. यात सुचत नाहीत.

आज सेबॅस्टियन आले. म्हणाले की त्यांना स्वच्छ आठवते, रुंद ते सगळे वरच्या दोन थरांतले. बसून पुन्हा यादी करू, कोण विचारतो. खरे तर त्यांची स्मृती अचूक होती. हे या घरात फक्त मला ठाऊक होते, कारण तक्ता या वहीत आहे.

लीलाने मान हलवली. "सेबी, तुला आठवतं, कारण तुला ते हवंय. मलाही हवंय. म्हणूनच आपल्या दोघांच्या आठवणीला किंमत नाही."

जे सिद्ध करायचे तेच आधाराला घ्यायचे, हा हेत्वाभास मी दरवर्षी जुलैमध्ये शिकवत असे. इतक्या थोड्या शब्दांत मला तो कधी सांगता आला नाही. ती माझ्या शास्त्रात इतकी पारंगत आहे हे मला आज कळले, आणि कळले ते तिने दुसऱ्याला सांगितले म्हणून.

पेटी नाताळनंतर गिरीजला परत जाईल. लेखाचा मसुदा तिने कपाटात खालच्या खणात ठेवला, स्वेटरांच्या खाली.

२६ डिसेंबर, गुरुवार

क्लेमेंटीन नाताळच्या फराळाचे, नेवऱ्या आणि कलकलांचे, ताट घेऊन आली. लीला बाजारात गेली होती. क्लेमेंटीनने पेटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "सर, चाळीस वर्षं मी त्या पेटीवर झोपले. आत काही असतं ना, तर मला टोचलं असतं." या विधानाचा संदर्भ मी विचारला नाही.

दुपारी मी तक्त्याची स्वच्छ प्रत काढली. त्रेचाळीस ओळी, रुंदी, कंगोरे, सेक्शन, थर. संध्याकाळी ती लीलापुढे ठेवली. म्हणालो की दगड लावताना शिस्तीसाठी टिपण केले होते, त्याचा विसर पडला होता.

तिने ती सावकाश वाचली. रुंद दगडांच्या ओळींवरून तिचे बोट फिरत होते आणि चार, पाच, चार येथे थांबत होते. तिचा चेहरा मी पाहत होतो. मग तिने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"हा आज लिहिलाय. शाई ताजी आहे."

"प्रत आहे."

"मग मूळ द्या."

मूळ माझ्या खाजगी वहीत आहे आणि ती देता येणार नाही, असे मी सांगितले.

"कागद गेल्यावर घरच्याच माणसानं लिहिलेली यादी," ती म्हणाली, "आणि ती नेमकी मला हवी तशी. मीच परीक्षक असते तर फेकून दिली असती." तिने प्रत घडी घालून मला परत केली. "राहू द्या."

मी तिच्यासाठी रडीचा डाव खेळलो असे तिला वाटले असावे. ते खरे नाही. मी स्वतःसाठी खेळलो, वही दाखवावी लागू नये म्हणून.

२९ डिसेंबर, रविवार

तीन दिवस एकच अनुमान तपासत आहे. ते लिहून काढतो.

नोंद विश्वसनीय केव्हा मानावी? नोंद करणाऱ्याने वस्तू प्रत्यक्ष पाहिली असावी. ती बिनचूक उतरवण्याची त्याला सवय असावी. आणि त्याला खोटे लिहिण्याचे प्रयोजन नसावे. पहिल्या दोन अटी मी पूर्ण करतो. प्रश्न तिसरीचा आहे. मी लीलाचा पती. 'चु.'चा अर्थ मला माहीत असता, तर मी आकडे तिच्या सोयीने लिहिले असा संशय कोणीही घेईल, आणि त्याला खोडून काढता येणार नाही.

मला अर्थ माहीत नव्हता, याला पुरावा काय? पुरावा आहे. बारा डिसेंबरचे पान. तेथे मी चुनखडीच्या थरांची बेरीज केली आहे. पहिला थर अधिक चौथा थर अधिक पाचवा थर, एकूण एकशे एकोणतीस. हे थर आहेत हे ज्याला ठाऊक आहे, तो त्यांची बेरीज करीत नाही. माझा मूर्खपणा हाच माझ्या प्रामाणिकपणाचा हेतू, म्हणजे तर्कशास्त्राच्या भाषेत आधार, आहे.

म्हणून: तक्ता स्वच्छ उतरवून दिला तर निरुपयोगी. भोवतीच्या मजकुरासह दिला तरच उपयोगी. या अनुमानात दोष सापडावा अशी माझी तीव्र इच्छा होती.

आता साडेतीन वाजले आहेत. लीला अंगणात पेटीला दोरी बांधत आहे. तिला बोलावतो.

५ जानेवारी २०२५, रविवार

वही आज परत मिळाली. मधल्या सात दिवसांचे लिहितो.

लीलाने वही पायरीवर बसून वाचली. साडेतीनला सुरुवात केली, शेजारच्या इमारतीची सावली चिकूच्या झाडापर्यंत आली तेव्हा संपवली. चष्मा दोनदा पुसला. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. आत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"चव्वेचाळीस वर्षांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, तिकडे काय सापडलं म्हणून. नऊ दिवसांत काय पाहिलं, काय खाल्लं, काही नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. सगळं."

'सगळं' या शब्दाची व्याप्ती मी विचारली नाही. विचारायला हवी होती असे तीच म्हणत होती, हे मला दुसऱ्या दिवशी लक्षात आले. तोवर वेळ गेली होती.

दगड वेचणारा साक्षीदार म्हणून सेबॅस्टियन यांनी मूळ नोंद पाहणे आवश्यक होते. लीलाने माझी परवानगी मागितली. मी दिली. सोमवारी ते आले, त्यांनी अकरा आणि बारा डिसेंबर वाचले, पान उलटले, पुन्हा मागे घेतले. मग अतिशय आदराने म्हणाले, "राऊतसर, तिकडे नऊ दिवस पाणी टँकरचं होतं. प्यायला दोन लोटे. दात घासणं पण एक दिवसाआड. एकशे एकोणतीस?"

लीला हसली. इतकी, की तिला टेबल धरावे लागले. "आणि माफी! अहो, मार्लची माफी!" मग सेबॅस्टियनही हसले. मी हसलो नाही. खोली सोडूनही गेलो नाही.

त्यानंतर चार दिवस काम चालले. तक्त्यातील रुंदी आणि कंगोरे यांवरून प्रत्येक दगड आपल्या ओळीशी जुळवायचा. कॅलिपर लीलाच्या हातात, दगड सेबॅस्टियन यांच्या, वही माझ्यापुढे. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जुळले. एकवीस रुंद, सगळे चौथ्या आणि पाचव्या चुनखडीत. बावीस चिंचोळे, सगळे खाली. जाती दोन.

"तुम्ही हे आमच्या आधी लिहून बसला होतात," लीला म्हणाली. "'एकही अपवाद सापडला नाही.' माझ्या मसुद्यात हे वाक्य जसंच्या तसं घालता येईल."

"कारण चुकले होते," मी म्हणालो.

"कारण भयंकर होतं," ती म्हणाली आणि पुढचा दगड मागितला. मागितला तो सेबॅस्टियन यांच्याकडे, 'तू' म्हणून.

२ फेब्रुवारी, रविवार

मसुदा तयार आहे. भाषा तपासण्यासाठी लीलाने तो मला दिला. असे प्रथमच घडले. एकोणीस चुका निघाल्या, त्यांतल्या सतरा तिने मान्य केल्या.

नव्या जातीचा मूळ नमुना सार्वजनिक संग्रहात जमा करावा लागतो, म्हणजे पुढे कोणालाही तो मागून तपासता येईल. दगड उद्या पुण्याला जाणार आहेत. थरांच्या पुराव्यासाठी तक्त्याच्या दोन पानांचे फोटो पुरतील असे लीला म्हणाली, आणि तिने ते काढलेही होते. मी नाही म्हणालो. तक्ता कोणी, केव्हा, कोणत्या अज्ञानात लिहिला, हे मागची-पुढची पाने वाचल्याशिवाय कळत नाही. दोन पाने म्हणजे पुन्हा ती सव्वीस डिसेंबरची प्रत. जायची तर सारी वही गेली पाहिजे.

लीलाने मसुद्याची पाने जुळवून बाजूला ठेवली. "संग्रहात नंबर पडेल तिच्यावर. कोणीही मागेल, कोणीही वाचेल. आपण नसताना. चालेल?"

चालेल, असे मी सांगितले. नखरंगाचे पान आणि बेरीज एवढे खोडावे काय, असे मात्र विचारले.

"एक अक्षर खोडायचं नाही," ती म्हणाली. "खोडलेली वही कोण मानील?" हे तिचे म्हणणे निर्विवाद आहे. मीच मांडायला हवे होते.

तेव्हा ही माझी या वहीतली शेवटची नोंद. उरलेली पाने कोरीच जातील. पुढे जो कोणी ही उघडेल त्याच्यासाठी दोन बाबी स्पष्ट करतो. तक्त्यातील मोजमापे विश्वसनीय आहेत. कॅलिपर दशांश एक मिलिमीटरपर्यंत अचूक आहे. आणि डिसेंबरच्या अकराव्या ते चौदाव्या तारखेपर्यंतच्या अनुमानांना लेखाची लेखिका जबाबदार नाही.

राहिले जातीचे नाव. ते मसुद्याच्या पहिल्या पानावर होते. मी ते शेवटी वाचले. ज्याने पेटी सेहेचाळीस वर्षे सांभाळली त्याच्या नावावरून लीलाने तिला सेबॅस्टियानी असे नाव दिले आहे. सेबॅस्टियन यांनी काल माझ्यादेखत विरोध केला, म्हणाले सरांचं नाव दे, वही त्यांची आहे. लीलाने माझ्याकडे पाहिले. नाव देण्याचा अधिकार वर्णन करणारीचा, आणि दिलेल्या कारणात तर्कदोष नाही, असे मी म्हणालो. लॅटिन प्रत्ययाची जोडणी तपासली. ती बरोबर आहे.

मी हरकत घेतली नाही. मला हरकत नव्हती, असे मात्र येथे लिहिता येणार नाही. एक वाक्य खोटे निघाले, तर सारी वही पुराव्यातून बाद होते.